जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीचा समर कोर्स करायचाय? कोल्हापुरातनं सुरुवात अशी करा

मी राजारामपुरीत जर्मनचे क्लास घेते आणि दिवाळी उरकली की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम महिनाभर जर्मनीला जाऊन युनिव्हर्सिटीचा इंटेन्सिव्ह कोर्स केला तर जर्मन येईल का. विचारणाऱ्यांत इंजिनिअरिंगची पोरं असतात, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत डिझाइनला काम करणारे असतात, नर्सिंगच्या मुली असतात. सगळ्यांना एकेकट्याला सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

उत्तर असं आहे की शून्यातनं गेलात तर नाही येणार, आणि इथं ए२ पक्की करून, जमलं तर बी१ ला हात घालून गेलात (भाषेच्या लेव्हल ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) तर त्या एका महिन्यात तुमचं बोलणं सुटेल. यातला फरक नीट समजून घ्या कारण पुढचा सगळा खर्च त्यावर अवलंबून आहे.

गोएथे इन्स्टिट्यूट म्हणजे जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी जर्मनीची संस्था, ती ४५ मिनिटांची एक तासिका धरून हिशोब देते, शून्यापासून ए१ पर्यंत ८० ते २०० तासिका, ए२ पर्यंत २०० ते ३५०, बी१ पर्यंत ३५० ते ६५०. आता समर कोर्स बघा, आठवड्याला २० ते २५ तासिका, चार आठवडे, म्हणजे झाल्या ८० ते १००. ज्याला ए बी सी डी पण येत नाही तो एवढ्या तासिकांत फार तर ए१ संपवणार, आणि ए१ तर कोल्हापुरात बसून त्याच्या कितीतरी कमी पैशात होते. पण ज्याच्या डोक्यात दीड-दोन हजार शब्द आहेत, व्याकरण कळतंय, फक्त तोंड उघडत नाही, त्याला त्या ८०-१०० तासिका आणि बाहेरचा सगळा दिवस असा काय उपयोगी पडतो की विचारू नका. माझ्याकडची एक मुलगी बी१ निम्मी करून गेली होती, जायच्या आधी दोन वाक्यं बोलायची तरी वहीत लिहून घ्यायची, परत आली ती फोनवरच माझ्याशी जर्मनमध्ये सुरू झाली, चुका होत्या पण थांबत नव्हती.

पहिलं काम: वर्षभर आधी सुरुवात

समजा पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जायचंय. तर या वर्षी जून-जुलैला ए१ सुरू करा, डिसेंबर-जानेवारीपर्यंत ए२ संपत आली पाहिजे, आणि निघायच्या आधी बी१ चा निदान अर्धा भाग. शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात जर्मन शिकता येतं, शहरात खाजगी क्लास आहेत, पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनचे म्हणजे गोएथेचे ऑनलाइन कोर्स घरी बसून करता येतात. फुकटात पाहिजे असेल तर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर ए१ ते बी१ पर्यंतचा अख्खा व्हिडिओ कोर्स आहे आणि रोजच्या बातम्या सावकाश वाचलेल्या मिळतात. त्या सावकाश बातम्या मी सगळ्यांना ऐकायला लावते, पहिले पंधरा दिवस काही कळत नाही, कळू नये असंच वाटतं, मग हळूहळू शब्द सुटे ऐकू यायला लागतात.

आपल्याला मराठीचा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, डेर, डी, डास, आणि इंग्लिशवाले, फ्रेंचवाले तिथं डोकं धरून बसतात कारण त्यांच्या भाषेत नपुंसकलिंग नाही, आपल्याकडं तो-ती-ते लहानपणापासून आहे. फक्त मराठीतलं लिंग तिकडं लावायचं नाही, प्रत्येक शब्द आर्टिकलसकटच पाठ करायचा. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, ते पण आपल्याला नवीन नाही. उच्चारात त्साइट म्हणताना जो आवाज येतो तो आपल्या चोरातला च, अगदी तसाच्या तसा. अवघड जातात ते दोन स्वर, ओठांचा चंबू करून ई आणि ए म्हणायचे, आणि इश (म्हणजे मी) मधला शेवटचा आवाज जो ना श आहे ना ख. हे आरशासमोर, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, लाज वाटते पण दुसरा उपाय नाही.

आणि एक, इथं असतानाच रोज पाच मिनिटं मोठ्यानं बोलायची सवय लावा. आज काय केलं, काय खाल्लं, रंकाळ्याला गेलो तर तिथं काय बघितलं, एवढंच. लिहायचं नाही, बोलायचं. जे इथं बोलत नाहीत ते तिकडं पहिला आठवडा नुसते हसून मान हलवत काढतात, आणि चारातला एक आठवडा गेला की पाव कोर्स गेला.

कोर्स निवडताना

जर्मनीत समर सेमिस्टरची लेक्चरं जुलैच्या मध्यात संपतात, मग ऑक्टोबरपर्यंत वर्ग रिकामे, विद्यार्थी घरी गेलेले त्यामुळं हॉस्टेलच्या खोल्या पण रिकाम्या. म्हणून बहुतेक युनिव्हर्सिट्यांचे कोर्स जुलैअखेर ते सप्टेंबर यात असतात. हायडेलबर्गचा ऑगस्टमधला फेरीएनकुर्स म्हणजे सुट्टीतला कोर्स जुना आणि नावाजलेला आहे. लाइपझिगमध्ये हेर्डर इन्स्टिट्यूटशी जोडलेली इंटरडाफ ही संस्था आहे, त्या गावात १९५६ पासून परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवायची परंपरा आहे. बायरॉइटची समर युनिव्हर्सिटी आहे, बर्लिनला फ्राय युनिव्हर्सिटीचा फूबिस म्हणून कार्यक्रम आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना युनिव्हर्सिटीचे पण उन्हाळी कोर्स असतात, पण तिकडं गेलात तर व्हिसा ऑस्ट्रियाचा काढायचा, जर्मनीचा नाही.

सगळे कोर्स एका ठिकाणी बघायचे तर डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या साइटवर भाषा आणि शॉर्ट कोर्सचा डेटाबेस आहे, तिथं महिना, लेव्हल, फी असे फिल्टर लावता येतात. बघताना चार गोष्टी तपासा. आठवड्याला नेमक्या किती तासिका, कारण काही कोर्स सहलींनी भरलेले असतात आणि शिकवणं दिवसाला दोन तास. एका वर्गात जास्तीत जास्त किती जण, पंधराच्या वर असतील तर बोलायला वाट्याला काय येणार. राहायची सोय फीत आहे का वेगळी. शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट आणि ईसीटीएस म्हणजे युरोपातल्या युनिव्हर्सिट्या धरतात ती क्रेडिट मिळतात का, का नुसतं हजर होता असं पत्र देतात.

गाव कुठलं घ्यावं यावर माझं मत पक्कं आहे, पहिल्यांदा जाताय तर लहान गाव घ्या. बर्लिन भारी आहे पण तिथं कॉफी मागायला जर्मन लागत नाही, काउंटरवरचा माणूसच इंग्लिश बोलतो. बायरॉइट, येना, ट्रिअर असल्या गावात बेकरीवाल्या बाईला तुमच्याशी जर्मनमध्येच बोलायचं असतं, आणि खर्च पण कमी येतो.

कॉलेज बुडतं, त्याचं काय

हे फार जण शेवटी बघतात. जर्मनीची सुट्टी म्हणजे आपल्याकडं कॉलेज सुरू झालेलं असतं. ऑगस्टमध्ये गेलात तर अटेंडन्स जाणार, इंटर्नल परीक्षा आडवी येणार, आणि बऱ्याचदा गणपती पण हुकणार, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. विभागप्रमुखांना कोर्सचं पत्र दाखवून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. हेच पत्र पुढं व्हिसाला कॉलेजची एनओसी म्हणून उपयोगी पडतं, त्यात तुम्ही नियमित विद्यार्थी आहात आणि अमुक तारखेला परत येऊन शिक्षण चालू ठेवणार आहात हे स्पष्ट यायला पाहिजे. नोकरी करत असाल तर कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र.

पैसे आणि स्कॉलरशिप

चार आठवड्यांची फी काहीशे युरोपासून हजाराच्या वर जाते, त्यावर राहणं, जेवण, विमान, व्हिसा, इन्शुरन्स. घरात बसून हे सगळं एका कागदावर मांडा, आणि विमानाचं तिकीट हा त्यातला मोठा आकडा आहे हे लक्षात ठेवा, ऑगस्टचं तिकीट जूनमध्ये काढायला गेलात तर हबकाल.

डाडची समर कोर्ससाठी स्कॉलरशिप गेली कित्येक वर्षं चालत आलीय, अर्जाची शेवटची तारीख १ डिसेंबरच्या सुमारास राहिलीय, भाषेच्या कोर्सला निदान ए२ लागते आणि पदवीची दोन वर्षं पूर्ण झालेली लागतात. अटी आणि निधी दरवर्षी बदलतो म्हणून त्या वर्षीची जाहिरात डाडच्याच साइटवर वाचा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका. आता बघा, डिसेंबरला ए२ चा पुरावा पाहिजे म्हणजे जूनमध्ये सुरुवात करणाऱ्याची धाप लागणार, स्कॉलरशिपचा विचार असेल तर आदल्या जानेवारीतच सुरू करा. आणि मोटिव्हेशन लेटरमध्ये जर्मनी सुंदर देश आहे हे लिहू नका. तुम्ही काय शिकताय, त्यात जर्मन कुठं लागते, हा कोर्स करून परत आल्यावर कॉलेजात किंवा कामात काय करणार ते लिहा. फाउंड्रीत काम करणाऱ्यानं लिहावं की आमच्या मशीनची मॅन्युअलं जर्मनमध्ये येतात आणि मला सर्व्हिस इंजिनिअरशी थेट बोलायचंय, असलं एक खरं वाक्य पानभर कौतुकापेक्षा वजनदार असतं.

बँकेतनं फी पाठवताना एक बारीक गोष्ट. परदेशी ट्रान्सफरच्या फॉर्मवर चार्जेस कोण भरणार असा कॉलम असतो, तिथं सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडं म्हणजे आउर हा पर्याय घ्या. नाहीतर मधली बँक आपला कट घेते, युनिव्हर्सिटीला पाच-दहा युरो कमी पोचतात आणि ते तुमची सीट कन्फर्म करत नाहीत, मग ईमेलवर ईमेल. पावती जपून ठेवा, व्हिसाला लागते.

व्हिसा

तीन महिन्यांच्या आतला कोर्स म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा कमी मुदतीचा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फी मोठ्यांना ९० युरो आहे, व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत, पण जास्त चौकशी करायची ठरली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे-जूनमध्ये अख्खा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून अॅडमिशनचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात स्लॉट शोधायला लागा.

पासपोर्ट नसेल तर त्याच्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही, कोल्हापुरातच पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला पाहिजे, परत यायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. व्हिसाच्या फिंगरप्रिंटला मात्र स्वतः जावं लागतं, पुण्याचं व्हीएफएस आपल्याला जवळ, मुंबईची अपॉइंटमेंट असेल तर रात्रीची महालक्ष्मी पकडून सकाळी पोचता येतं, पण गाडी लेट झाली तर काय हा विचार करून दुपारचा स्लॉट घ्या. कागद आदल्या रात्री चेकलिस्टच्याच क्रमानं लावा: फॉर्म, फोटो, कव्हरिंग लेटर, अॅडमिशनचं पत्र, फी भरल्याची पावती, राहायची सोय, विमानाचं रिझर्व्हेशन, निदान ३०,००० युरोचं ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स, कॉलेजची एनओसी, स्वतःची आणि खर्च करणाऱ्या आई-वडिलांची बँक स्टेटमेंट, त्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न. वडील शेती करत असतील आणि रिटर्न भरत नसतील तर सातबारा, ऊसबिलाची खात्यावर आलेली रक्कम असं जे खरं उत्पन्न आहे त्याचे कागद इंग्लिश भाषांतरासह जोडा आणि कव्हरिंग लेटरमध्ये सरळ समजावून लिहा. व्हिसाच्या आधी आठवडाभर खात्यात अचानक दोन लाख टाकणं हे करू नका, ते लगेच दिसतं.

अजून एक कळकळीनं सांगते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार झाला तेव्हापासून जर्मनीत नोकरी हा विषय घराघरात आहे, आणि काही एजंट सांगतात की समर कोर्सला जा, तिकडंच काम बघ. या व्हिसावर काम करता येत नाही आणि तिथं बसून तो नोकरीच्या व्हिसात बदलून मिळेल असं धरून चालू नका. नोकरीचा आणि पूर्ण शिक्षणाचा व्हिसा वेगळा, त्याचा रस्ता वेगळा. असल्या सल्ल्यापायी पोरांचं पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

प्लेसमेंट टेस्ट

जायच्या आधी ऑनलाइन किंवा पहिल्या दिवशी लेव्हल ठरवायची टेस्ट असते. बऱ्याच ठिकाणी ऑनसेट नावाची असते, आठ छोटे उतारे, प्रत्येकात २० गाळलेल्या जागा, एका उताऱ्याला पाच मिनिटं. गंमत अशी की अख्खा शब्द गाळलेला नसतो, शब्दाची मागची अर्धी बाजू उडवलेली असते आणि ती भरायची असते, म्हणजे शब्द आला तरी शेवटचा प्रत्यय चुकला की मार्क गेला. नमुना टेस्ट त्यांच्या साइटवर आहे, आधी सोडवून बघा. आणि ऑनलाइन टेस्टला मित्राची किंवा एआयची मदत घेऊ नका, तुम्ही बी२ च्या वर्गात जाऊन बसाल आणि महिनाभर काही कळणार नाही, नुकसान फक्त तुमचंच. उलट वर्ग फार सोपा वाटला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत शिक्षकांना जाऊन सांगा, ग्रुप बदलून देतात, नंतर अवघड होतं.

बॅग भरताना

पोहे, कांदा-लसूण चटणी, पापड घ्या. पेढे, तूप, खवा, मटणाचं लोणचं घेऊ नका, युरोपियन युनियनच्या बाहेरनं दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून टाकतात. दोन बारीक पिनांचा चार्जर चालतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर लागेल. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्लिश चिठ्ठीसकट. छत्री इकडं पावसाळा म्हणून असतेच, तीच तिकडं न्या, उन्हाळ्यातसुद्धा पाऊस पडतो.

तो महिना

अमेरिकेत मिडलबरी कॉलेजात १९१५ पासून उन्हाळी जर्मन स्कूल चालते, तिथं विद्यार्थी लिहून देतात की कोर्स संपेपर्यंत शिकतोय त्या भाषेशिवाय दुसरं काही बोलणार नाही. तुम्ही पण हा नियम स्वतःला घाला. सगळ्यात मोठा धोका आपल्याच लोकांचा असतो, वर्गात पुण्याचा, हैदराबादचा कोण ना कोण भेटतंच, जेवायला एकत्र, फिरायला एकत्र आणि महिना हिंदीत संपतो. त्यांच्याशी भांडायचं नाही, पण पहिल्याच दिवशी ठरवून टाका की आपण जर्मनच बोलायचं. मेन्सा म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ, तिथं जपानी, इटालियन, तुर्की मुलांच्या टेबलावर जाऊन बसा, त्यांची पण जर्मन मोडकीच असते त्यामुळं भीती राहत नाही. कोर्सच्या ऑफिसमध्ये टँडेम पार्टनर मिळेल का विचारा, म्हणजे तुम्ही त्याला हिंदी नाहीतर मराठी शिकवायची, तो तुम्हाला जर्मन.

जर्मन माणूस तुमचा उच्चार ऐकून इंग्लिशवर गेला की म्हणायचं, क्यॉनेन वीर बिटे डॉइच श्प्रेखेन? आपण जर्मनमध्ये बोलूया का. बहुतेक जण आनंदानं परत वळतात आणि सावकाश बोलतात. सकाळी वर्ग, दुपारी उच्चार, संस्कृती, एखादी सहल असा दिवस असतो, आणि रात्री घरकाम, तेव्हा झोप कमी करू नका, तिसऱ्या आठवड्यात डोकं बधिर होतं ते सगळ्यांचंच होतं. घरी फोन रोज तासभर नको. आपण साडेतीन तास पुढं आहोत, त्यामुळं तिकडचे सात म्हणजे आईचे साडेदहा, आधीच वेळ ठरवा.

फिरायला डॉइचलांड तिकीट चांगलं, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो झालंय, महिनाभर देशातल्या सगळ्या सिटी बस, ट्राम, लोकल गाड्या त्यात चालतात, आयसीईसारख्या फास्ट गाड्या नाहीत. पण ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं आणि आपोआप पुढं चालू राहतं, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंटचं डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं. रात्री दहानंतर हॉस्टेलला आवाज नको.

परत आल्यावर

तोंड सुटलेलं असतं ते दोन-तीन महिन्यांत परत बसतं, जर काही केलं नाही तर. म्हणून जायच्या आधीच पुढच्या लेव्हलच्या बॅचला नाव घालून ठेवा आणि पुण्याला गोएथेच्या परीक्षेची तारीख बघून ठेवा, सीट पटकन भरतात. कोर्सचं सर्टिफिकेट चांगलं असतं पण पुढच्या अॅडमिशनला किंवा नोकरीला बऱ्याचदा गोएथेसारख्या संस्थेचंच मागतात. बी१ चे चार भाग आहेत, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि प्रत्येक भाग सुटा देता येतो. महिनाभर तिकडं राहून आलेल्याचं ऐकणं आणि बोलणं ताजं असतं, ते दोन आधी देऊन टाका, लिहिण्यासाठी महिनाभर जास्त घेतला तरी चालतं.